जळालेला ट्रॅक्टर : काय ठेवावे, काय टाकावे?



गेल्या हंगामात आमच्या गटातील एका सभासदाने ऊस गेल्यावर फडातले पाचट पेटविले. वारा फिरला आणि बांधावर उभा असलेला जुना एच.एम.टी. ट्रॅक्टर जळाला. आम्ही पाहायला गेलो तेव्हा थोरला भाऊ म्हणत होता, "भंगारात घाला." धाकटा म्हणत होता, "काजळी धुऊन सगळं वापरू." आमच्या मते दोघांचेही चुकत होते.

एच.एम.टी.चा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ साली बंद झाला. जुने भाग आता शोधत फिरावे लागतात, तेव्हा सगळेच मोडीत काढणे परवडत नाही. पण सगळेच ठेवले तर जिवावर बेतेल.

चुलीत पडलेला कोयता आपण पाहिला असेल. दिसतो तसाच, पण पाणी उतरलेले. धार धरत नाही. बेअरिंग, स्प्रिंगा, गिअरचे दाते, जोराचे नट-बोल्ट यांनाही असेच पाणी दिलेले असते. दोन-अडीचशे अंशांपुढे ते उतरू लागते.

मग ओळखायचे कसे? मूळ रंग शाबूत असेल, फोड नसतील, तिथे फार आच लागलेली नाही. आतल्या चकचकीत पोलादावर निळी झाक आली असेल तर ते सुमारे तीनशे अंश तापले, असे समजावे. गिअरच्या दात्यावर बारीक कानस ओढावी. घसरली तर दाता चांगला. धरली तर मऊ पडला.

बिडाचे भाग सहसा वाचतात : इंजिनाचा ब्लॉक, गिअर बॉक्सचे हाउसिंग, चाकांची वजने. मात्र तापलेल्या बिडावर पाणी मारले असेल तर तडा जातो. भाग साफ करून त्याला रॉकेल किंवा डिझेल लावावे, कोरडा पुसावा व वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तिथे ओली रेघ उमटते.

रबरी सील, वायरिंग, बॅटरी, वितळलेले ॲल्युमिनियम टाकूनच द्यावे. स्टेअरिंगचे दांडे, ब्रेकचे भाग आणि ट्रॉलीचा हूक यांना आच लागली असेल तर ते कितीही चांगले दिसोत, वापरू नयेत. भरल्या ट्रॉल्या उतारावर असताना हूक तुटला तर काय होईल, हे आम्ही सांगायला नको. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी वेल्डिंगला नेऊ नये. आतल्या वाफेने स्फोट होतो.

विमा असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत एक नटही सैल करू नका. ट्रॅक्टर कायमचा निकामी झाला असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवून आर.सी. परत करावी लागते.

त्या भावांनी शेवटी ब्लॉक, हाउसिंग आणि वजने ठेवली. हूक मोडीत घातला. आणि यंदा पाचट पेटविले नाही, सरीत कुजविले. आपणही तसेच करावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी