गल्ल्यावर बसून रील बघताय? मग महिन्याचे पाच दिवस तुमचं दुकान बंदच आहे!



आजचा विषय जीएसटीचा नाही, मुद्रा लोनचाही नाही. आजचा विषय तुमच्या हातातला मोबाईल आहे.

आधी एक साधा हिशेब करू. समजा, तुमचं दुकान रोज १० तास उघडं असतं. त्यातले २ तास मोबाईलवर जातात. ऑर्डर, पेमेंट, व्यापाऱ्याचा फोन हे यात धरायचं नाही. नुसतं रील, स्टेटस, क्रिकेटचा स्कोअर आणि बातम्या. महिन्याचे २६ दिवस धरले तर झाले ५२ तास. म्हणजे दुकानाचे पाच दिवस! भाडं पूर्ण महिन्याचं गेलं, पोराचा पगार पूर्ण गेला, लाईट बिलही पूर्ण भरलं. फक्त मालक पाच दिवस गैरहजर.

आणि गिऱ्हाईक? ते भांडत नाही. सीताबर्डी असो की इतवारी, बाजूला दुसरं दुकान आहेच. "हे तर मोबाईलमध्येच घुसून राहिले," असं मनात म्हणतं आणि पुढे निघून जातं. तुम्हाला कळतही नाही की कोणी आलं होतं. ज्याची बिलबुकात नोंद होत नाही, असा हा तोटा आहे.

व्यसन की काम?

तुम्ही म्हणाल, "सर, धंदाच मोबाईलवर आहे, ठेवू कसा?" प्रश्न बरोबर आहे. यूपीआय मोबाईलवर, ऑर्डर व्हॉट्सअॅपवर, जाहिरात इन्स्टाग्रामवर. दारू सोडणाऱ्याला गुत्त्याचा रस्ता टाळता येतो. आपलं तसं नाही, कारण आपलं हत्यार आणि आपला छंद एकाच डबीत आहेत.

म्हणून फरक ओळखायला शिका. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात गेमिंगच्या व्यसनाला आजार म्हणून जागा मिळाली आहे. 'इंटरनेटचं व्यसन' असा वेगळा आजार त्यात नाही, त्यामुळे लगेच स्वतःवर शिक्का मारू नका. पण गेमिंगसाठी दिलेल्या तीन खुणा आपल्याही कामाच्या आहेत. एक, ताबा सुटणं. दोन, बाकीच्या कामांपेक्षा तेच मोठं होणं. तीन, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं. मालाची ऑर्डर द्यायची राहून गेली, गिऱ्हाईक उभं राहिलं, उधारीची वही आठवडाभर उघडलीच नाही आणि तरीही बोट वर सरकतंच आहे? मग हा टाइमपास राहिलेला नाही.

यात सगळा दोष तुमचा नाही. पेपर शेवटच्या पानाला संपतो. रीलला शेवटचं पान नाही. न संपणाऱ्या स्क्रोलची ही युक्ती २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने काढली आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि खर्चाचा जो ब्रेक होता तोही निघाला.

सांगलीच्या एका गावाचं बघा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेमुळे पोरांच्या हातात मोबाईल आला आणि शाळा सुरू झाल्यावरही तो सुटेना. मोठी माणसंही टीव्हीत आणि मोबाईलमध्ये. सरपंच विजय मोहिते यांनी विषय मांडला तेव्हा पुरुष मंडळी हसली. मग बायकांची बैठक घेतली. सीरियल जास्त होतात हे त्यांनी कबूल केलं आणि सगळं गाव बंद ठेवणार असेल तर आम्हीही ठेवू, म्हणाल्या. ऑगस्ट २०२२ पासून देवळावरचा भोंगा संध्याकाळी ७ ला वाजायला लागला. ७ ते ८.३० टीव्ही आणि मोबाईल बंद. सुरुवातीला ग्रामपंचायतीची माणसं घरोघर फिरून आठवण करून द्यायची.

यात उद्योजकाने काय शिकायचं? त्यांनी "मनावर ताबा ठेवा" असं भाषण दिलं नाही. त्यांनी वेळ ठरवली, सगळ्यांना एकच नियम लावला आणि आठवण द्यायला भोंगा बसवला. मोबाईल कायमचा सोडा असंही सांगितलं नाही, फक्त दीड तास मागितला. धंद्यात यालाच आपण सिस्टीम म्हणतो.

तुमच्या दुकानाचा भोंगा

१. गर्दीचे दोन तास ठरवा. तुमचं गिऱ्हाईक कधी येतं ते तुम्हालाच माहीत. त्या वेळात मोबाईल ड्रॉवरमध्ये, रिंग चालू. मालकाचाही आणि पोराचाही. मालक रील बघत असेल तर पोराला बोलायचा हक्क राहत नाही.

२. पेमेंटसाठी साउंडबॉक्स ठेवा. "पैसे आले का?" बघायला स्क्रीन उघडली की दहा मिनिटं तिथेच जातात. बॉक्स बोलला की काम झालं.

३. दुकानाचा नंबर वेगळा ठेवा. त्या फोनमध्ये व्हॉट्सअॅप बिझनेस आणि पेमेंट अॅप, बाकी काही नको. ऑटोमॅटिक मेसेज लावा: "दुपारी २ आणि रात्री ८ ला उत्तर देऊ, घाई असेल तर फोन करा."

४. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा. कोणत्या अॅपवर किती वेळ गेला आणि दिवसात फोन कितीदा उघडला, दोन्ही दिसतं. गल्ल्याचा आकडा लिहिता तिथेच बाजूला हाही रोज लिहा.

आता एक गोष्ट माझ्याच विरोधात जाणारी. बिझनेसचे व्हिडिओ बघणं हाही धंदा नाही. दिवसाला सहा मोटिव्हेशनल व्हिडिओ बघून "मी शिकून राहिलो" म्हणणारे पुष्कळ आहेत. एक व्हिडिओ बघा, त्यातली एक गोष्ट दुकानात करा, मगच दुसरा उघडा. माझे व्हिडिओही शटर खाली ओढल्यावरच बघा.

आणि गोष्ट पुढे गेली असेल, म्हणजे ऑनलाइन गेममध्ये मालाचे पैसे गेले, झोप उडाली, घरात खोटं बोलावं लागतंय, तर युक्त्यांवर थांबू नका. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि २४ तास चालतो. आपल्या मेडिकलमध्येही मानसोपचार विभाग आहे. बीपी दाखवायला लाज वाटत नाही, मग यात कसली?

आज रात्री शटर ओढताना दोन आकडे लिहा: आजची विक्री आणि आजचा स्क्रीन टाइम. सात दिवस लिहा. आठव्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवून बघा. पुढचं तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.