शाळेच्या तपासणीचा शेरा, पालकांच्या हाती

मराठी शाळेत शिकलेल्यांना ‘तपासणी’ म्हटलं की धुतलेल्या फरश्या, नव्याने रंगवलेले फळे आणि घोकून ठेवलेली उत्तरं आठवतात. साहेब यायचे, शेरेबुकात चार ओळी लिहून जायचे. त्या ओळी पालकांच्या नजरेस क्वचितच पडत. नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलेल्या कुटुंबासाठी तिथली रीत म्हणूनच नवी असते. खासगी शाळेच्या तपासणीचा अख्खा अहवाल तिथे कुणालाही घरबसल्या वाचता येतो. पंचाईत होते ती पुढे. सगळी पानं वाचून झाली तरी ‘मग शाळा चांगली की नाही?’ हे कळत नाही.

नव्या अहवालांत ते एका शब्दात सांगितलेलंच नसतं. खासगी शाळांच्या प्रमुख संघटनांच्या सभासद शाळा ‘इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टोरेट’, म्हणजे आयएसआय, तपासते. बाकीच्या खासगी शाळा ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे असतात. आयएसआय पूर्वी ‘एक्सलंट’, ‘गुड’ अशा श्रेणी देत असे. सप्टेंबर २०२३ पासून त्या बंद झाल्या. त्यामुळे एका शाळेच्या २०२२ च्या अहवालात ‘एक्सलंट’ दिसतं आणि शेजारच्या शाळेच्या २०२४ च्या अहवालात तो शब्द कुठेच नसतो. यावरून दुसरी शाळा डावी ठरत नाही. अहवालावरची तारीख आधी पाहायची ती यासाठी.

आता तपासनीस पाहतात ते सरकारने घालून दिलेली मानकं शाळा पाळते का. २०१४ च्या नियमावलीत या मानकांचे आठ भाग आहेत. शिकवण्याच्या दर्जापासून इमारतीपर्यंत आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीपासून तक्रारी हाताळण्यापर्यंत सगळं त्यात येतं. प्रत्येक विभागाखाली मानकं ‘पाळली’ किंवा ‘पाळली नाहीत’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

‘पाळली नाहीत’ वाचून पोटात गोळा येतो. पण तिथेच थांबून नेमकं काय चुकलं ते वाचायला हवं. शाळेत एक नोंदवही असते, ‘सिंगल सेंट्रल रजिस्टर’. शिक्षक, कार्यालयातली माणसं, स्वयंपाकघरातले कर्मचारी, प्रत्येकाच्या नावाची त्यात एक ओळ. पुढे रकाने: ओळख पटवली का, मुलांसोबत काम करण्यास बंदी नाही ना, परदेशात राहिलेल्या माणसाची तिथली चौकशी झाली का, आणि प्रत्येक पडताळणी कोणत्या तारखेला झाली. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो केवळ कारकुनी विसर आहे की चौकशी न करताच माणूस मुलांमध्ये वावरतो आहे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अहवालातला तपशील नीट वाचला तर ते बऱ्याचदा कळतं. मुलांच्या सुरक्षिततेवर वेगळा विभाग असतो. वेळ कमी असेल तर पालकांनी आधी तो वाचावा.

मानकं न पाळणाऱ्या शाळेकडून शिक्षण खातं सुधारणेचा आराखडा मागू शकतं आणि काही काळाने पुन्हा तपासणी होऊ शकते. हा पाठपुराव्याचा अहवालही प्रसिद्ध होतो. तो लहान असतो, पण शाळेची खरी ओळख बऱ्याचदा त्यातच होते. चूक झाल्यावर ती कशी वागली, हे तिथे दिसतं.

सगळी मानकं पाळणाऱ्या शाळेच्या अहवालातही ‘पुढची पावलं’ सुचवलेली असतात. ही भाषा अतिशय मवाळ असते. ‘वरच्या वर्गांतल्या हुशार मुलांना पुरेसं आव्हान मिळेल याची शाळेने काळजी घ्यावी’ अशा वाक्याचा सरळ अर्थ एवढाच, की आज ते सगळीकडे मिळत नाही. ‘बहुतेक मुलं’ या शब्दांतही काही मुलं सुटलेली असतात. आपलं मूल त्या सुटलेल्यांत बसणार असेल, तर ते वाक्य पुन्हा वाचायला हवं. ‘लक्षणीय बलस्थान’ हा शेरा मात्र सरसकट मिळत नाही. तो आढळला तर कशाबद्दल दिला आहे हे जरूर पाहावं.

तपासणी साधारण तीन वर्षांतून एकदा होते आणि काही दिवसांत उरकते. तपासनीसांत दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक आणि वरिष्ठ शिक्षकही असतात. वर्ग पाहून, मुलांशी बोलून, वह्या चाळून ते शितावरून भाताची परीक्षा करतात. मधल्या काळात मुख्याध्यापक बदलले असतील, तर अहवालातली शाळा आणि आजची शाळा वेगळी असू शकते.

पुण्यातल्या पालकांचाही आता या अहवालांशी संबंध आला आहे. वेलिंग्टन कॉलेज या बर्कशरमधल्या जुन्या शाळेच्या नावाची आंतरराष्ट्रीय शाळा २०२३ मध्ये पुण्यात सुरू झाली. इंग्लंडमधल्या कोणत्याही मूळ शाळेचा अहवाल हा फक्त तिथल्या वर्गांचा, तिथल्या शिक्षकांचा असतो. इथल्या शाखेची माहिती इथेच विचारून घ्यावी लागते.

इंग्लंडमधल्या पालकांना आणखी एक आकडा मागता येतो. मागच्या शैक्षणिक वर्षात किती औपचारिक तक्रारी नोंदल्या गेल्या, हे पालकांना उपलब्ध करून देणं खासगी शाळेला बंधनकारक आहे. शाळा पाहायला गेल्यावर हा आकडा विचारावा, आणि त्यासोबत सुचवलेल्या ‘पुढच्या पावलां’पैकी आतापर्यंत काय काय झालं, हेही.