नियम बदलताना: जँगोच्या दारावरचा पहारेकरी

मागच्या व्याख्यानात आपण फ्रेमवर्क म्हणजे काय ते पाहिलं. वेबसाइटची नेहमीची कामं आधीच रचून ठेवलेली चौकट, असं आपण म्हटलं होतं. आज पुढचा प्रश्न घेऊ. या चौकटीचं वागणं आपल्या गरजेप्रमाणे बदलायचं, तर काय करायचं आणि काय सांभाळायचं?

उदाहरण जँगोचं घेऊ. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, एका दैनिकाच्या कचेरीत, एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली पायथन भाषेत तिची सुरुवात केली. २००५ साली ती सर्वांना खुली झाली.

जँगोत लॉगिनचं काम 'ऑथेंटिकेशन बॅकएंड' करतो. त्याला दारावरचा पहारेकरी समजा. त्याच्याकडे मुख्य कामं दोन. 'ऑथेंटिकेट' हे फंक्शन आलेल्या माणसाची ओळख पटवतं. पटली तर तो सभासद परत देतं, नाही पटली तर 'नन', म्हणजे काहीच नाही. दुसरं 'गेट-युजर'. आत आलेला माणूस पुढचं प्रत्येक पान मागतो, तेव्हा हा कोण, ते तेच सांगतं. सेटिंग्जमध्ये असे अनेक पहारेकरी ओळीनं नेमता येतात. पहिल्यानं ओळखलं नाही तर जँगो दुसऱ्याला विचारतो.

आम्ही एका छोट्या ग्रंथालयासाठी हे करून पाहिलं. सभासदांना युजरनेम लक्षात राहत नसे, म्हणून ईमेल टाकून आत येता यावं, एवढीच गरज. दहा-बारा ओळींचा पहारेकरी लिहिला: ईमेलवरून सभासद शोधायचा, पासवर्ड तपासायचा, झालं! लॉगिनचा फॉर्मही स्वतःचाच लिहिला. सगळं छान चाललं. मग एके दिवशी लक्षात आलं, की ज्यांचं खातं बंद केलं होतं तेही खुशाल आत येताहेत.

असं का झालं? जँगोचा मूळचा पहारेकरी, त्याचं नाव 'मॉडेलबॅकएंड', पासवर्डखेरीज आणखी एक गोष्ट पाहतो: हे खातं चालू आहे ना? आणि ती दोन्ही फंक्शनांत पाहतो. त्यामुळे खातं बंद केलं की आधीच आत असलेला माणूसही पुढच्या पानाला अनोळखी ठरतो. जँगोचा तयार लॉगिन फॉर्महीही खात्री करून घेतो. आम्ही दोघांनाही बाजूला सारलं आणि ही तपासणी आमच्या हातून गळाली.

आणखी एक बारकावा. पासवर्ड पडताळण्याचं गणित मुद्दाम वेळखाऊ ठेवलेलं असतं. नाव सापडलंच नाही, तरी मूळचा पहारेकरी ते गणित एकदा करतोच. कशासाठी? 'नाही' हे उत्तर झटकन आलं, तर बाहेरच्याला कळेल की या नावाचा सभासदच नाही. आमच्या दहा ओळींत हेही नव्हतं.

आपल्याकडे व्याकरणशास्त्रात उत्सर्ग आणि अपवाद अशी जोडी आहे. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम. अपवाद त्याला बाजूला सारतो, पण त्याच्या विषयापुरताच. बाकी ठिकाणी उत्सर्ग चालूच राहतो. आम्हाला अपवाद फक्त ईमेलपुरता हवा होता, आणि आम्ही अख्खा उत्सर्गच काढून टाकला होता.

मग बरोबर रीत कोणती? नवा पहारेकरी कोऱ्या पाटीवर लिहू नये, मॉडेलबॅकएंडचा वारस करावा. 'गेट-युजर' वारशानं आपोआप मिळतं. 'ऑथेंटिकेट' तेवढं आपण नव्यानं लिहायचं. मात्र त्यात पासवर्डच्या तपासणीशेजारी 'युजर-कॅन-ऑथेंटिकेट' ही हाक आपणच मारायची. ती आपोआप येत नाही. सभासद सापडला नाही तर पासवर्डचं गणित एकदा करायचं, तेही तिथेच. आणि एक ईमेल दोन खात्यांना देता येणार नाही, अशी अट डेटाबेसमध्येच घालायची.

लिहायला बसण्यापूर्वी मूळचा कोड उघडून वाचावा. तो मोठा नाही, चहा संपेपर्यंत वाचून होतो. आणि चाचणी लिहाल, तर पहिली चाचणी बंद खात्याची लिहा. चालू खात्याची तर सगळेच करून पाहतात.