तीन लाख संदर्भ आणि एक निळा रंग

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम करणाऱ्या ऑलिव्हर लाउरी यांनी तीन सहकाऱ्यांसह १९५१ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखाद्या द्रावणात प्रथिन किती आहे हे कसे मोजावे, एवढाच त्याचा विषय. द्रावणात अल्कलीयुक्त तांबे घालायचे, मग फोलिन यांचे अभिकर्मक घालायचे आणि निळा रंग किती गडद झाला ते पाहायचे. ‘नेचर’ने २०१४ साली सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शंभर निबंधांची यादी छापली, तेव्हा हा निबंध पहिला होता. तोवर त्याचा उल्लेख तीन लाखांहून अधिक वेळा झाला होता. डीएनएची दुपेडी रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध त्या शंभरांत नव्हताच. आपला हा निबंध काही थोर नव्हे, असे खुद्द लाउरीच म्हणत. त्याला मिळालेल्या प्रतिसादाची मात्र त्यांना मनातून गंमत वाटे.

हे मत नुसता विनय म्हणून सोडून देता येत नाही. लाउरी यांची खरी हुकमत अतिसूक्ष्म मोजमापावर होती. क्वार्ट्झच्या तंतूंपासून बनवलेल्या तराजूने ते एकेका चेतापेशीचे वजन करत आणि तिच्यातली विकरे मोजत; मेंदू ऊर्जा कशी वापरतो हे त्यांना समजून घ्यायचे होते. हे काम करू शकणाऱ्या प्रयोगशाळा जगात मोजक्या, त्यामुळे त्याचे संदर्भही बेताचे. प्रथिन मोजण्याची गरज मात्र प्रत्येक जैवरसायन प्रयोगशाळेला रोजची. संदर्भांच्या आकड्यातून काय कळते, तर एखादी गोष्ट किती हातांनी वापरली. कल्पना किती खोल होती, हे त्यातून कळत नाही.

वापरही तो आकडा धडपणे मोजत नाही. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे उदाहरण पाहा. भीमावरमचा हा संशोधक हार्वर्डमध्ये, त्याच फोलिन यांच्या विभागात, सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करत होता. दोघांनी १९२५ साली फॉस्फरस मोजण्याची पद्धत दिली, तीही निळ्या रंगाचीच. ती पुढे जगभर वापरली गेली. स्नायूंच्या अर्कात हा रंग अपेक्षेपेक्षा हळू चढतो, हे लक्षात आल्यावर त्या विलंबाचे कारण शोधता शोधता फॉस्फोक्रिएटिन हाती लागले आणि १९२९ साली एटीपी. (त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनाही ते सापडले.) पेशींची ऊर्जा ज्या रेणूतून खर्च होते त्या एटीपीचा उल्लेख आज दहावीच्या मुलाच्या वहीतही असतो, पण त्याखाली १९२९ चा संदर्भ कोण देतो? शोध सर्वांचा झाला की शोधकाचे नाव गळते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या गळतीची नोंद करून ठेवली आहे. पुढे लेडर्ली कंपनीत सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली डायएथिलकार्बामझिन तयार झाले. विदर्भात हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघर वाटली जाते ती डीईसीची गोळी हीच. ती गिळणारा माणूस कोणत्याच सूचीत संदर्भ नोंदवत नाही.

यावर कोणी म्हणेल, साधन म्हणजे काय दुय्यम आहे? मुळीच नाही, फॉस्फरसची पद्धत नसती तर तो रेंगाळणारा रंग कुणाला दिसलाच नसता. लाखो प्रयोग ज्या पद्धतीवर उभे राहिले तिचा मान तिला मिळायलाच हवा, आणि आकडा तो चोख देतो. माझी हरकत वेगळी आहे. त्याच आकड्याने माणसांची उतरंड लावली, की गणितज्ञ आणि जैवरसायनशास्त्रज्ञ एकाच फूटपट्टीखाली येतात. मग ज्याच्या विषयात प्रयोगशाळा जास्त, तो आपोआप मोठा ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. आकडे काढून टाकले तर उरतो तो ज्येष्ठांचा लहरी निवाडा, आणि ओळखपाळख नसलेला संशोधक त्यात मारला जातो. सुब्बाराव यांना तर हार्वर्डने कायम नेमणूक दिलीच नाही. तेव्हा संदर्भसूची असती तर त्यांना आधार मिळाला असता, हे मान्य करायला हवे. पण तो मिळाला असता फॉस्फरसच्या पद्धतीसाठी, तोही फिस्क यांच्याबरोबर वाटून. हत्तीरोगाच्या औषधाचे श्रेय त्या रकान्यात मावले नसते. शिवाय यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली संदर्भसूचीची कल्पना मांडली ती जुने काम शोधणे सोपे व्हावे आणि सदोष काम डोळे मिटून पुढे जाऊ नये म्हणून; बढत्या ठरवणे हा तिचा मूळ हेतू नव्हता. ती हेतूप्रमाणे वापरली तर मोठा आकडा ही निबंध उघडून बघण्याची सूचना ठरते: हे लोक याचे नाव कशासाठी घेतात, हे त्यातून तपासायचे. लाउरी यांच्याबाबत उत्तर पहिल्या पानावरच मिळते. निवड समितीपुढे मात्र अर्जांचा गठ्ठा असतो, वेळ थोडा असतो आणि आकडा निबंध न उघडताही मिळतो.