फी न भरता घेतलेली शाळा

१९७४ साली इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या एका कारखाना-कामगाराचा मुलगा ‘इलेव्हन प्लस’ परीक्षा पास होऊन रायगेट ग्रामर स्कूलमध्ये दाखल झाला. शाळा सरकारी, शिक्षण मोफत. १९७६ साली तीच शाळा खासगी झाली. जुन्या मुलांना सोळाव्या वर्षापर्यंत फी माफ राहिली, पुढच्या वर्गांसाठी या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली. हा मुलगा म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले कीर स्टार्मर. त्यांच्याच सरकारने १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावला.

रायगेट एकटी नव्हती. १९४४च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत केलं, पण अकराव्या वर्षीच्या त्याच ‘इलेव्हन प्लस’ परीक्षेवर मुलांची ग्रामर आणि साध्या शाळांत वाटणी व्हायची. १९६५ साली शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलँड यांनी सर्वांसाठी एकच शाळा हे धोरण आणलं. पुढे सरकारने काही निवडक शाळांना मिळणारं थेट अनुदान बंद केल्यावर त्यांतल्या शंभराहून अधिक नामांकित शाळांनी खासगी होणं पसंत केलं. समतेसाठी उचललेल्या पावलाने खासगी शाळांचीच ताकद वाढली.

इतिहास त्याहून जुना आहे. सहाव्या हेन्रीने १४४० साली ईटन काढलं ते सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी. फी भरणारी मुलं आली आणि शाळा त्यांचीच झाली. आजवर वीस पंतप्रधान तिथून निघाले. शिक्षणातल्या समान संधीसाठी काम करणाऱ्या सटन ट्रस्टच्या २०१९च्या पाहणीत देशातली सात टक्के माणसं खासगी शाळांतली होती, वरिष्ठ न्यायाधीशांत मात्र ६५ टक्के.

पण ईटनकडे बोट दाखवलं की बाकीचे सुटतात. २०२४ मध्ये, व्हॅटच्या आधी, निवासाविना खासगी शाळेची सरासरी फी वर्षाला १८ हजार पौंड होती. दोन मुलांचे झाले ३६ हजार. पूर्णवेळ नोकरदाराचा मध्यम पगार तेव्हा ३७ हजारांच्या घरात होता, तोही कर कापण्याआधी. तरीही फी भरणारे कितीतरी डॉक्टर, वकील स्वतःला साधे मध्यमवर्गीय म्हणवतात. त्यांची काटकसर खरी असते, मुलांवरची मायाही खरी. त्यांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. पण ज्यांच्याकडे काटकसर करायलाही काही उरत नाही, अशा घरांशी त्यांची बरोबरी होऊच शकत नाही.

आणि ज्यांना तत्त्व म्हणून खासगी शाळा नको असते, ते पालक? ते चांगल्या सरकारी शाळेच्या हद्दीत घर घेतात. इंग्लंडमधल्या सर्वोत्तम सरकारी शाळांजवळची घरं आसपासच्या घरांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी महाग असल्याचं सटन ट्रस्टला २०१७ मध्ये आढळलं. ट्रस्टच्याच २०१९च्या दुसऱ्या एका पाहणीत अकरा ते सोळा वयाच्या २७ टक्के मुलांनी कधी ना कधी खासगी शिकवणी घेतलेली होती. लंडनमध्ये ४१ टक्के. चर्चच्या शाळेत जागा मिळावी म्हणून दर रविवारी प्रार्थनेला हजेरी लावणारे पालकही आहेत. घरात घातलेला पैसा तर घर विकताना परतही मिळतो. माझ्या मते हा विशेषाधिकार फीपेक्षा घट्ट आहे, कारण त्याची पावती कुठेच फाडली जात नाही आणि व्हॅट त्याच्यापर्यंत पोचत नाही.

घराच्या पत्त्याचं हे वजन कमी करायचा एक प्रयत्न झाला. इंग्लंडमधल्या ब्रायटन शहराने २००८च्या प्रवेशापासून चिठ्ठ्या टाकून शाळा ठरवायला सुरुवात केली, तेव्हा पालक चवताळून उठले. पण चिठ्ठी टाकायची ती आखून दिलेल्या हद्दीच्या आत, त्यामुळे घराचा पत्ता निर्णायकच राहिला. अलीकडे त्याच शहराने शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या गरीब मुलांना प्रवेशात अग्रक्रम देण्याचा नियम केला. या नियमाने श्रीमंत वस्तीतल्या शाळेची दारं दूरच्या वस्तीतल्या मुलांसाठी उघडतात. व्हॅटवर जितकी भांडणं झाली, तितकी चर्चा या नियमावर संसदेत व्हायला हवी.