अळीच्या पोटातलं कुलूप

अंगणातल्या पिंपाचं झाकण उचला आणि आत बॅटरीचा झोत टाका. शेपटाकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून, डोकं खाली सोडून काही अळ्या लोंबकळताना दिसतील. उजेड पडताच त्या वळवळत तळ गाठतात आणि दम संपला की पुन्हा वर येतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असाच घरच्या पाण्यात वाढतो. अळीला उद्योग एकच, खात राहणं. याच खादाडपणात तिचं मरण आहे.

१९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात योएल मार्गालिथ या संशोधकाला मेलेल्या अळ्यांचा खच दिसला. मारेकरी निघाला मातीतला एक जिवाणू. आपल्या बीटी कापसात ज्याचं जनुक घातलेलं असतं त्या जिवाणूचा हा भाऊबंद, नाव बीटीआय.

तो प्रथिनांचे बारीक स्फटिक बनवतो. एरवी हे स्फटिक निरुपद्रवी. आपल्या आम्लधर्मी जठरात त्यांचं विष होत नाही. अळीचं आतडं मात्र अल्कधर्मी. तिथे स्फटिक विरघळतात, अळीचेच पाचकरस त्यांची काटछाट करून विष तयार करतात आणि आतड्याच्या पेशींना भोकं पडतात. काही तासांत खेळ खलास!

आरोग्य कर्मचारी पाण्यात टाकतात ते ॲबेट, म्हणजे टेमेफॉस, हे रसायन अळीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतं. पण वर्षानुवर्षं एकच औषध वापरलं की त्याला न जुमानणारे डास उरतात. बीटीआयमध्ये चार प्रमुख विषं एकत्र असल्याने त्याला चकवणं डासांना फार अवघड जातं.

तरी पळवाट आहेच. अळीचा कोष झाला की तो काही खातच नाही, मग बीटीआय त्याच्या पोटात जाणार कसं? शिवाय एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. गप्पी मासे अळ्या मटकावतील, धूरफवारणी उडते डास मारेल. भिंतीवरची अंडी दोन्हींतून सुटतात.

म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करण्याच्या कोरड्या दिवशी पिंप नुसतं उपडं करू नका. काथ्याने आतून खसाखसा घासा.