आधी श्वास, मग ‘मुलगा की मुलगी?’

लेबर रूमचे दार किलकिले झाले की बाहेर ताटकळत बसलेले नातेवाईक उठून उभे राहतात. गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या बालाघाटकडूनही बाया बाळंतपणासाठी येतात. बोली वेगळी असली तरी दारातला पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, ‘पोरगा झाला की पोरगी?’

आत मात्र क्रम वेगळा असतो. बाळ बाहेर येताच सिस्टरचे लक्ष त्याच्या श्वासाकडे जाते. कोरड्या, उबदार कपड्याने पुसून बाळाला आईच्या पोटावर ठेवतात. ते नीट रडले तर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबतात. तेवढ्यात वारेतले रक्त बाळाकडे येते आणि पुढच्या महिन्यांतला रक्तक्षय टाळायला मदत होते. पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून आईला पहिल्या मिनिटातच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले जाते. त्याने गर्भाशय आकसते आणि अतिरक्तस्रावाचा धोका कमी होतो.

पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाला ‘अपगार’ गुण देतात. अमेरिकेतील डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी 1953 मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंतील ताकद, स्पर्शाला प्रतिसाद आणि त्वचेचा रंग असे पाच निकष त्यात आहेत. मुलगा की मुलगी याला त्यात एकही गुण नाही.

बाळ ठीक आहे हे कळल्यावर ते आईसमोर धरून ‘बघा बाई, काय झालं?’ असे विचारण्याची पद्धत अनेक रुग्णालयांत आहे. उत्तर तिच्याच तोंडून वदवून घेतात. पुढे अदलाबदलीचा संशय राहू नये, हा त्यामागचा हेतू. मग हाताला पट्टी बांधली जाते आणि वेळ, वजन, लिंग यांची नोंद होते.

खरे तर हे सगळे नऊ महिने आधीच ठरलेले असते. आईच्या बीजातून नेहमी एक्स गुणसूत्रच येते. वडिलांच्या शुक्राणूतून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. म्हणजे ‘हिला मुलीच होतात’ हा टोमणा विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. सहा-सात आठवड्यांपर्यंत दोन्ही गर्भांची वाढ सारखीच असते. साधारण बाराव्या आठवड्यानंतर बाह्य अवयवांतला फरक दिसू लागतो.

तो सोनोग्राफीत पाहून सांगण्यास कायद्याने बंदी आहे. असा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 चा. शब्दाने, खुणेने किंवा इतर कोणत्याही प्रकारे लिंग सांगणे हा गुन्हा आहे. ‘पेढे आणा’, ‘बर्फी आणा’ अशी सूचकताही त्यात आली. त्यामुळे भारतात हे कळण्याचा कायदेशीर क्षण जन्माचाच.

गोंदियाचा आकडा

निसर्गात 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलांमागे सुमारे 950 मुली. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात गोंदिया जिल्ह्यात हजार मुलांमागे 956 मुली होत्या. राज्यात हे प्रमाण 894 होते, तर बीडमध्ये अवघे 807. या आकड्यात जन्मानंतरच्या मृत्यूंचाही परिणाम मिसळलेला असतो. तरीही गोंदियाचा आकडा निसर्गाच्या जवळ आहे. इथल्या बहुतेक घरांना ‘पोरगा की पोरगी’ हे दारातच कळत असावे, असे त्यातून दिसते.

म्हणून त्या दारातली प्रतिक्रिया महत्त्वाची ठरते. ‘पुन्हा मुलगीच’ हा उसासा बाळंतिणीच्या कानावर जातो. मुलगी झाल्याचे कळून बाईला धक्का बसेल म्हणून वार पडेपर्यंत काहीच न सांगण्याची रीत देशाच्या काही भागांत होती. अशी रीत पडावी लागली, यातच सारे आले. बाळंतिणीला तेव्हा हवी असते ऊब, धीर आणि पहिल्या तासातच बाळाला पाजण्यासाठी मदत.

उत्तर लगेच मिळाले नाही तर

सुमारे साडेचार ते साडेपाच हजार जन्मांत एखाद्या बाळाचे बाह्य अवयव पाहून लिंग ठरवता येत नाही. अशा वेळी अंदाजाने ‘मुलगा’ म्हणून मोकळे होणे जिवावर बेतू शकते. यामागचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा जन्मजात विकार. त्यात मुलीचे बाह्य अवयव मुलासारखे दिसू शकतात. गर्भाशय आणि बीजकोश मात्र आत व्यवस्थित असतात. या विकाराच्या तीव्र प्रकारात शरीरातले मीठ वाहून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ उलट्या करते, पीत नाही, सुकत जाते. वेळीच औषध मिळाले नाही तर ते दगावू शकते. निदान झाले तर रोजच्या औषधांवर हेच बाळ शाळेत जाते, मोठे होते.

‘मुलगा’ म्हटलेल्या बाळाची दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील किंवा लघवीचे छिद्र वेगळ्याच जागी असेल, तर घरी जाण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. रक्तातील हार्मोन व क्षार, गुणसूत्रे आणि सोनोग्राफी यांवरून निदान होते. जन्मनोंदणीसाठी 21 दिवस असतात. घाईने चुकीची नोंद करू नये. यात आईबापाची चूक नाही आणि लपवण्यासारखेही काही नाही.

तोवर दारातल्या प्रश्नाला ‘बाळ आलं आहे, तपासण्या झाल्या की सांगू’ हे उत्तर पुरेसे आहे. विचारणाऱ्यांनीही पहिला प्रश्न बदलायला हरकत नाही: ‘बाई बरी आहे ना? बाळ रडलं ना?’